आपल्या बाजूची खोटी साक्ष

सूरह अल-हुजुरातची सहावी आयत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. बेभरवशाचा मनुष्य एखादी वार्ता घेऊन आला, तर श्रद्धावंतांनी तिची शहानिशा करावी; अन्यथा अजाणतेपणी कोणा समूहाला इजा पोहोचेल आणि मग केल्या कृत्याचा पश्चात्ताप करावा लागेल, असा तिचा आशय आहे. भाष्यकारांनी तिच्या अवतरणाचा प्रसंग म्हणून बनू मुस्तलिक या टोळीची हकीकत दिली आहे. या टोळीने जकात देण्यास नकार दिला, अशी वार्ता मदीनेत पोहोचली आणि चौकशीअंती ती खोटी निघाली. चौकशी झाली नसती, तर निरपराध लोकांवर सैन्य चालून गेले असते.

या आयतीवर बयान करताना आम्ही इमाम मंडळी उदाहरणे देतो ती चहाडीची, घरे मोडणाऱ्या अफवांची आणि अलीकडे दंगली पेटवणाऱ्या संदेशांची. ते योग्यच आहे. परंतु एक प्रकारची वार्ता या चाळणीतून बहुधा निसटते. ती ऐकून आपल्याला राग येत नाही, भीतीही वाटत नाही. उलट ऊर भरून येतो आणि तोंडून आपसूक ‘सुब्हानल्लाह’ निघते. कोठेतरी इस्लामच्या सत्यतेचा पुरावा सापडला, कोणी जगप्रसिद्ध माणूस कलमा वाचून मुसलमान झाला, समुद्राने किंवा फळाने साक्ष दिली, अशा त्या वार्ता. त्यांची शहानिशा करावी, हे आपल्या मनातही येत नाही; कारण त्या आपल्या बाजूच्या असतात.

माझ्याही मनात आले नव्हते. काही वर्षांपूर्वी एका जुम्याच्या बयानात मी ह. हूद (अ.) आणि त्यांची आद जमात यांचा वृत्तांत सांगत होतो. विषय रंगला आणि ओघात मी सांगून गेलो की, अरबस्तानच्या वाळवंटात आद लोकांचे प्रचंड सांगाडे सापडले आहेत, त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि कुरआनचा शब्द विज्ञानाने खरा ठरवला आहे. मदरशात शिकत असताना वसतिगृहात हाच फोटो मी छापील कागदावर पाहिला होता. त्यावर कधी शंका घेतली नव्हती. नमाजनंतर दहावीत शिकणारा एक मुलगा सफा रिकाम्या होईपर्यंत थांबून राहिला. मग जवळ येऊन त्याने मोबाइल पुढे केला. “मौलाना, तो फोटो खोटा आहे. कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. कोणी बनवला तेही इथे लिहिले आहे.” मी वाचले. तो बरोबर होता. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने खालच्या आवाजात दुसरा प्रश्न विचारला, “मग आदची गोष्टसुद्धा...?” त्याने वाक्य पुरे केले नाही.

तो अर्धा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. फोटो खोटा असल्याने इस्लामचे काही बिघडत नाही, असे आपण प्रौढ माणसे सहज म्हणू. पण त्या मुलाच्या मनात आद आणि तो फोटो यांची गाठ मी बांधली होती, मिंबरवरून बांधली होती. फोटो कोसळला तेव्हा त्याच्याबरोबर काय काय कोसळेल, हे माझ्या हाती उरले नव्हते.

या छायाचित्राची कुळकथा आता पुरती उघड झालेली आहे. सन २००२ मध्ये इंटरनेटवर छायाचित्रांत कल्पक फेरफार करणाऱ्या हौशी कलाकारांची एक स्पर्धा झाली. विषय होता, उत्खननात सापडलेल्या विचित्र वस्तू. कॅनडातील एका चित्रकाराने तीत हे चित्र पाठवले आणि त्याला तिसरे पारितोषिक मिळाले. मूळ छायाचित्र अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्क येथे सन २००० मध्ये झालेल्या उत्खननाचे होते. तेथे मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या, आता नामशेष झालेल्या प्राण्याचे अवशेष निघाले होते. चित्रकाराने त्या अवशेषांवर मानवी सांगाडा बसवला आणि कवटीशेजारी खोदणारा एक माणूस उभा केला. माणसाच्या हातात पिवळ्या दांड्याचे फावडे होते; पण फावड्याचे पाते नेमके कवटीच्या कानशिलावर येऊन चित्राचे बिंग फुटू लागले, म्हणून त्याने पातेच पुसून टाकले. आजही तो फोटो नीट पाहिला, तर त्या माणसाच्या हातात नुसता दांडा दिसतो. चित्रकाराने फसवणुकीसाठी हे केले नव्हते. फसवणूक पुढे झाली, आणि ती करणारे हात दुसरेच होते.

सन २००४ पर्यंत या चित्राला दोन वेगवेगळ्या कहाण्या चिकटल्या. एका कहाणीत सौदी अरबस्तानात तेल शोधणाऱ्या पथकाला साठ ते ऐंशी फुटांचा सांगाडा सापडला होता आणि तो आद जमातीचा होता. दुसऱ्या कहाणीत तोच सांगाडा उत्तर भारतात, लष्कराच्या ताब्यातील भागात निघाला होता, आणि त्याचा संबंध महाभारतातील महाकाय पुरुषांशी होता. सांगाडा एकच, फोटो एकच. मुसलमानांच्या घरी तो कुरआनची साक्ष देत होता आणि हिंदूंच्या घरी महाभारताची. मुंबईतून निघणाऱ्या ‘हिंदू व्हॉइस’ या मासिकाने मार्च २००७ च्या अंकात ती बातमी छापली. वाचकांनी फसगत लक्षात आणून दिल्यावर मासिकाने ती मागे घेतली, आणि संपादकांनी आपण फसल्याचे मोकळेपणाने सांगितले. अमेरिकेतील नॅशनल जिओग्राफिक संस्थेचे नाव या अफवेत गोवले गेल्यामुळे तिनेही डिसेंबर २००७ मध्ये सविस्तर खुलासा प्रसिद्ध केला. येथे मला एक गोष्ट खटकते आणि ती बोलून दाखवायला हवी. त्या मासिकाने चूक छापील शब्दांत दुरुस्त केली. आपल्याकडे किती मिंबरांवरून, किती जलशांतून ही दुरुस्ती झाली?

आता मूळ ग्रंथाकडे वळू. आद लोकांविषयी कुरआनात पुष्कळ ठिकाणी आले आहे. सूरह अल-आराफच्या ६९ व्या आयतीत अल्लाहने त्यांना शरीरयष्टीने अधिक भरदार केल्याचा उल्लेख आहे. सूरह अल-फज्रमध्ये त्यांच्या स्तंभयुक्त इरमचा उल्लेख आहे. ते धिप्पाड आणि बलाढ्य होते, यावर आपली श्रद्धा आहे. परंतु हात किंवा फूट यांचे कोणतेही माप कुरआनात दिलेले नाही. आणि त्यांच्या विनाशाविषयी काय सांगितले आहे, ते पाहा. सूरह अल-हाक्काच्या सातव्या व आठव्या आयतींत सात रात्री आणि आठ दिवस चाललेल्या वाऱ्याचे वर्णन आहे. पोकळ खजुरीच्या खोडांसारखे ते लोक आडवे पडले, आणि लगेच पुढे विचारले आहे की, त्यांच्यापैकी काही उरलेले तुला दिसते काय? सूरह अल-अहकाफच्या २५ व्या आयतीचा आशय तर अधिक स्पष्ट आहे : सकाळ झाली तेव्हा त्यांच्या घरांखेरीज काहीच दिसत नव्हते.

या आयतींवरून जमिनीखाली हाडे असूच शकत नाहीत, असा निष्कर्ष मी काढत नाही. तो काढणे म्हणजे पुन्हा आपल्या मनचे ग्रंथात घालणे होईल. मी एवढेच म्हणतो की, अल्लाहने बोध घेण्यासाठी आपले लक्ष ओसाड पडलेल्या घरांकडे वळवले आणि आपण हाडांच्या मागे लागलो. ग्रंथ घरात, कपाटात, रेशमी वेष्टनात होता. तो उघडून आयत पाहण्याआधी आपण फोटो पुढे पाठवला. मी तर आयत मुखोद्गत असताना पाठवला.

राक्षसी देहांच्या या कहाण्या नव्या नाहीत, आणि त्यांचे खंडनही नवे नाही. ट्युनिसमध्ये जन्मलेले इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी आपल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात, सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी, यावर विस्ताराने लिहिले आहे. प्राचीन जमातींच्या भव्य वास्तू पाहून लोकांना वाटते की, त्या बांधणाऱ्यांचे देहही तसेच अवाढव्य असतील. इब्न खल्दून म्हणतात की, हा कथेकऱ्यांचा कल्पनाविलास आहे. भव्य वास्तू उभ्या राहतात त्या राज्याच्या सामर्थ्याने, यंत्रांच्या साह्याने आणि असंख्य हातांच्या एकत्र श्रमाने. पुरावा म्हणून ते समूद जमातीची खडकात कोरलेली घरे दाखवतात : त्यांची दारे आपल्यासारख्याच माणसांच्या मापाची आहेत. त्याच ओघात ते ऊज बिन अनक या दंतकथेतील राक्षसाचा समाचार घेतात. हा ऊज म्हणे इतका उंच होता की, समुद्रातून मासा उचलून तो सूर्यावर धरून भाजत असे. इब्न खल्दून यांचे उत्तर असे की, सांगणाऱ्याला ना माणसांची माहिती ना ग्रहताऱ्यांची. उष्णता जमिनीजवळ अधिक असते, वर जावे तसा गारवा वाढतो. सूर्य स्वतः उष्ण नाही, हे त्यांचे मत आज टिकत नाही. पण डोंगर चढणाऱ्या कोणालाही त्यांच्या म्हणण्यातील खरा भाग पटेल. तपासण्याची त्यांची रीत महत्त्वाची आहे. सांगितलेली गोष्ट घडू शकेल काय, हे त्यांनी आधी विचारले.

तीच रीत त्या साठ फुटी सांगाड्याला लावून पाहा. शाळेतील मुलांनाही हे गणित करता येईल. साडेपाच फूट उंचीचा, ६० किलो वजनाचा माणूस घ्या आणि त्याला सर्व बाजूंनी दहापट करा. उंची ५५ फूट होईल. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दहापट झाल्याने वजन मात्र एक हजार पटीने वाढून ६०,००० किलो होईल, म्हणजे पूर्ण वाढलेल्या दहाहून अधिक हत्तींइतके. मांडीच्या हाडाचा छेद केवळ शंभर पटीने वाढेल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या दहापट भार, आणि तोही दोनच पायांवर. म्हणूनच हत्तीचे पाय खांबासारखे जाड असतात. तो फुगवलेला हरिण नसतो. गॅलिलिओने हा नियम सन १६३८ मध्ये मांडला. त्या फोटोतील सांगाड्याची ठेवण मात्र जशीच्या तशी साडेपाच फुटी माणसाची आहे.

येथे जाणकार वाचक विचारतील की, ह. आदम (अ.) यांची उंची साठ हात असल्याची हदीस सहीह बुखारीत आहे, तिचे काय? प्रश्न रास्त आहे. अल्लाहची कुदरत या गणिताने बांधलेली नाही; ज्याने नियम निर्मिले, तो त्यांच्या वर आहे. परंतु फोटो पाठवणारा कुदरतीचा दाखला देत नसतो. तो म्हणतो की अमुक ठिकाणी, अमुक पथकाने खोदले आणि हे निघाले. हा दावा खोदकामाचा आहे, आणि तो खोदकामाच्याच कसोट्यांनी तपासला जाईल. त्या हदीसीच्या संदर्भात हाफिज इब्न हजर (रह.) यांचा प्रामाणिकपणा तर आम्हा विद्यार्थ्यांना धडा आहे. बुखारीवरील आपल्या ‘फत्हुल बारी’ या भाष्यात ते समूदच्या घरांचा प्रश्न स्वतःच उपस्थित करतात, त्या लोकांची उंची फार मोठी नव्हती असे त्यावरून दिसते हे मान्य करतात, आणि या अडचणीचे समाधानकारक उत्तर आपल्याला अद्याप सापडलेले नाही, असे लिहून ठेवतात. हदीस त्यांनी टाकली नाही, आणि अडचण झाकण्यासाठी कोठून सांगाडाही आणला नाही.

मग आपण का फसतो? याचे उत्तरही इब्न खल्दून यांनीच दिले आहे. इतिहासात असत्य शिरण्याची कारणे सांगताना त्यांनी सुरुवातीलाच मत व पंथ यांविषयीचा पक्षपात घेतला आहे. मन तटस्थ असले तर आलेली वार्ता ते पारखते. पण ते एखाद्या बाजूला कललेले असले, तर त्या बाजूची वार्ता क्षणात स्वीकारते. तो कल डोळ्यांवर झापड होऊन बसतो. चौदाव्या शतकातील हे निरीक्षण आजच्या कोणत्याही कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटाला लागू पडते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात असा एक प्रसंग आहे की, त्यावर आपण पुरेसे थांबत नाही असे मला वाटते. ह. मारिया (रजि.) यांच्यापासून झालेला त्यांचा पुत्र इब्राहीम दूधपित्या वयातच वारला. प्रेषितांनी (स.) त्या बाळाला अखेरच्या क्षणी हातांत घेतले होते, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. खगोलगणिताने ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे ठरते. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला.

क्षणभर विचार करा. ही वार्ता पसरवण्यासाठी कोणाला काही रचावे लागले नव्हते. ग्रहण खरे होते, मृत्यू खरा होता, दिवस एकच होता. मानणारे लोक श्रद्धावंत होते. त्यांच्या मनात प्रेमच होते. प्रेषितांनी (स.) काही बोलायचीही गरज नव्हती, केवळ गप्प राहिले असते, तरी संपूर्ण अरबस्तानात आभाळाने शोक पाळल्याची कथा घरोघर गेली असती. मुलाच्या वियोगाने विदीर्ण झालेल्या पित्याने त्या दिवशी लोकांना एकत्र करून ग्रहणाची नमाज पढवली आणि सांगितले की, सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची दोन चिन्हे आहेत. कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा वृत्तांत आला आहे.

ही आपल्या बाजूची साक्ष होती, आणि प्रेषितांनी (स.) ती नाकारली.

पुढच्या काळात असे लोक निघाले की, त्यांनी नेमके उलट केले. अबू इस्मा नूह बिन अबी मरयम हे मर्व शहराचे काझी होते, विद्वान होते. कुरआनच्या एकेका सूरहच्या पठणाचे फळ सांगणाऱ्या हदीसी ते इब्न अब्बास (रजि.) यांच्या नावाने सांगत. या कोठून मिळाल्या, असे विचारता त्यांनी कबूल केले की, लोक कुरआन सोडून अबू हनीफांच्या फिकहमध्ये आणि इब्न इसहाकच्या युद्धकथांमध्ये गुंतलेले पाहून पुण्याच्या हेतूने आपण त्या रचल्या. विविध विद्या जमवल्यामुळे त्यांना ‘अल-जामिअ’, म्हणजे संग्राहक, असे म्हणत. हदीसचे पंडित इब्न हिब्बान यांनी त्यावर शेरा मारला की, यांनी सर्व काही जमवले, सत्य तेवढे सोडून. काही जण तर असा युक्तिवाद करीत की, प्रेषितांवर खोटे रचणाऱ्याला नरकाची ताकीद आहे. आम्ही त्यांच्या विरुद्ध नव्हे, त्यांच्यासाठी खोटे बोलतो. मुहद्दिसांनी हा युक्तिवाद एका क्षणासाठीही मान्य केला नाही. हेतू चांगला होता म्हणून एकाही रचलेल्या हदीसीला त्यांनी सवलत दिली नाही, आणि रचणारा काझी आहे की फकीर, हे पाहिले नाही. सनदीचे संपूर्ण शास्त्र या कठोरपणातून उभे राहिले. अब्दुल्लाह बिन मुबारक (रह.) सनदीला दीनचाच भाग मानत, ती नसती तर ज्याला जे वाटले ते त्याने सांगितले असते, असे त्यांचे म्हणणे इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्याच प्रस्तावनेत ती हदीसही आहे की, ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे एवढेच मनुष्याला खोटा ठरवण्यास पुरेसे आहे. येथे रचणाऱ्याचे नव्हे, पुढे पाठवणाऱ्याचे नाव घेतले आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता घराजवळची गोष्ट. शुक्रवार, दि. १८ ऑगस्ट २००६ च्या सायंकाळी मुंबईत माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. हजारो लोक लोटले. त्यांनी ते पाणी ओंजळीने प्यायले, बाटल्यांत भरून घरी नेले, आजाऱ्यांना आणि लेकरांना पाजले. पाण्यावर प्लास्टिक आणि कचरा तरंगत होता. काहींनी याचा संबंध ह. मखदूम फकीह अली माहिमी (रह.) यांच्या दर्ग्याशी जोडला. प्रदूषण नियंत्रण मंडळ हे पाणी पिऊ नका असे सांगत होते. पण त्या रात्री ऐकणारे थोडे होते. लवकरच गुजरातमध्ये वलसाडजवळच्या तीथल किनाऱ्यावरूनही तशीच बातमी आली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माहीमचे पाणी पुन्हा खारट झाले होते.

यात गूढ काही नव्हते. माहीमच्या खाडीला मिठी नदी मिळते. भर पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी मोठ्या प्रमाणात समुद्रात येते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने काही काळ वरच तरंगते आणि किनाऱ्यालगत पसरते, मग भरती-ओहोटीत मिसळून जाते. कोकणात हे सांगायलाही नको. श्रावणात खाडीचे पाणी मचूळ होते, हे आमच्या दालदी बांधवांना कोणत्याही भूशास्त्रज्ञाइतकेच ठाऊक आहे. फरक इतकाच की, मिठी ही कोकणातल्या नद्यांसारखी नव्हे. अर्ध्या मुंबईचे सांडपाणी आणि कारखान्यांचा मळ ती वाहून आणते. लोकांनी बरकत समजून लेकरांना पाजले ते हे पाणी. हुजुरातच्या आयतीत अजाणतेपणी इजा पोहोचवण्याचा जो इशारा आहे, तो येथे आपल्याच मुलांच्या बाबतीत लागू झाला होता.

मला अधिक दुःख दुसऱ्या गोष्टीचे होते. मखदूम साहेब (१३७२–१४३१) हे आपल्या किनाऱ्याचे, नवायत घराण्यातील सुपुत्र. त्यांनी अरबीत संपूर्ण कुरआनवर भाष्य लिहिले. ‘तफसीर-ए-रहमानी’ या नावाने विद्वानांत ते ओळखले जाते. एका आयतीचा पुढच्या आयतीशी काय संबंध आहे, हे उलगडणे ही त्या भाष्याची खासियत. सहाशे वर्षांपूर्वी आपल्या एका कोकणी माणसाने केलेले हे काम आहे! त्या रात्री किनाऱ्यावर आलेल्या हजारोंपैकी कितींना या ग्रंथाचे नाव माहीत होते? ज्या थोर पुरुषाची खरी करामत कागदावर उपलब्ध आहे, त्याचे मोठेपण आपण गढूळ पाण्यात शोधले.

नील आर्मस्ट्राँग यांची कहाणी तर तुम्ही ऐकलीच असेल : चंद्रावर त्यांनी अजान ऐकली आणि पृथ्वीवर परतून इस्लाम स्वीकारला. चंद्रावर हवा नाही आणि हवेवाचून आवाज पोहोचत नाही, हे सातवीतील मुलगा सांगेल. आर्मस्ट्राँग हयात असतानाच ही अफवा इजिप्त, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत इतकी पसरली की, मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतील आपल्या वकिलातींना खुलासा पाठवावा लागला. कोणत्याही धर्माचा अनादर करण्याची आपली इच्छा नाही, परंतु धर्मांतराच्या वार्ता खऱ्या नाहीत, असे आर्मस्ट्राँग यांनी कळवले होते. ज्याच्याविषयी वार्ता, तोच माणूस नाही म्हणतो आहे. तरी त्यानंतरही वर्षानुवर्षे आपण ती सांगतच राहिलो. एखाद्या जिवंत माणसाच्या नावावर त्याने न उच्चारलेला कलमा घालणे ही त्याच्याविषयीची खोटी साक्षच आहे.

कुरआनचा अपमान केल्यामुळे जनावर झालेल्या मुलीचा फोटोही अनेक घरांत पोहोचला. तो ऑस्ट्रेलियातील शिल्पकार पॅट्रिशिया पिच्चिनीनी यांच्या सन २००३ मधील एका शिल्पाचा आहे. सिलिकॉनची ती आकृती दाखवून आपण लहान मुलांना घाबरवले. भीतीने उघडलेला मुसहफ भीती ओसरल्यावर मिटतो, याचा विचार केला नाही.

आई-वडील विचारतात की, मग आम्ही करायचे काय? आम्ही तर शिकलेले नाही. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही; मुहद्दिसांचा पहिला प्रश्न पुरे आहे : तुला हे कोणी सांगितले? ‘गटावर आले’ हे उत्तर नव्हे. गटाला नाव नसते, चारित्र्य नसते, स्मरणशक्ती नसते. ज्याने पाठवले त्याला विचारावे, त्याने कोणाकडून घेतले ते विचारावे. दोन कड्यांपलीकडे बहुधा कोणालाच काही ठाऊक नसते, आणि सनद तुटलेली आहे हे आपोआप कळते. बातमीत जागेचे नाव, दिवस, माणूस आहे काय? ‘अरबस्तानात’ ही जागा नव्हे आणि ‘शास्त्रज्ञांनी मान्य केले’ हा माणूस नव्हे. मकतबमधील मोठ्या मुलांना मी आता कधीकधी असा एखादा संदेश देतो आणि वहीत त्याची सनद लिहून आणायला सांगतो. बहुतेक वह्यांत तिसऱ्या ओळीच्या पुढे काही लिहिलेले नसते. मुलांना यात मौज वाटते. असे प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘ईमान कच्चे आहे’ म्हणून गप्प बसवू नका, एवढी मात्र आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. तो मुहद्दिसांचेच काम करीत आहे.

आणि जे आधीच पाठवून झाले आहे, त्याचे काय? सूरह अल-बकराच्या १६० व्या आयतीत क्षमेचे आश्वासन अशा लोकांना आहे, ज्यांनी तौबा केली, सुधारणा केली आणि लपवलेले उघड सांगितले. तो प्रसंग ईश्वरी मार्गदर्शन लपवणाऱ्यांचा आहे. पण आपल्या बुजुर्ग उलमांनी त्यातून हेही घेतले आहे की, चारचौघांत पसरवलेल्या चुकीची तौबा एकांतात पुरी होत नाही. ज्या गटावर पाठवले, त्याच गटावर लिहायचे की ते खोटे होते, मी तपासले नव्हते.

त्या मुलाला मी त्या दिवशी जवळ बसवले. आदची गोष्ट कुरआनात आहे म्हणून आपण ती मानतो, फोटोमुळे नव्हे. चूक कुरआनची नाही, माझी आहे, आणि ती मी सर्वांसमोर सांगेन, असे त्याला सांगितले. पुढच्या जुम्याला बयानाच्या आरंभीच मी ते सांगितले. जीभ जड झाली होती, हे कबूल करतो. नमाजनंतर एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, “मौलाना, एवढ्या लोकांसमोर कशाला? लोकांचा विश्वास उडतो.” मी काही उत्तर देण्याआधी त्यांनीच खिशातून मोबाइल काढला. तो फोटो त्यांना कुवेतमध्ये असलेल्या मुलाने पाठवला होता आणि त्यांनी तो आपल्या सर्व नातलगांना पाठवला होता. “आता मुलाला हे कसे लिहायचे, ते सांगा,” ते म्हणाले. वजूखान्याच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघांनी तो संदेश लिहिला.